काठावरचा मंत्र

मंडपाच्या दाराशी चपलांचा एवढा ढीग झाला होता की मागून येणारे चपलांवरच चपला काढत होते. रविवारची सकाळ, नऊचा सुमार. कारैकुडीच्या त्या कल्याणमंडपात लग्न नव्हतं. तरी दाराला केळीचे खांब होते, नादस्वरवाला होता, आलेल्यांवर गुलाबपाणी शिंपडायला दोन मुली होत्या. एरवी जिथे वधूवर बसतात तिथे लाकडाच्या तिपाईला रेशमी दोरानं एक घागर टांगली होती. तांब्याची, जुनी, चिंचेनं घासून लखलखीत केलेली.

दारात दोन धट्टेकट्टे स्वयंसेवक एकच वाक्य घोकत होते. "किल्ल्या, घड्याळं, मोबाइल, केसांतल्या पिना इथे ठेवा. कलशाचं तेज लोखंडाला सहन होत नाही."

लोक मुकाट्यानं पिना काढत होते. एका म्हाताऱ्या चेट्टियार सावकारांनी विचारलं, "माझ्या गुडघ्यात डॉक्टरनं काहीतरी धातूचं घातलंय. ते काढून कुणाकडे देऊ?" त्यांना शेवटच्या रांगेत बसवण्यात आलं.

व्यासपीठाच्या कडेला, गळ्यात हार घालून, सेवुगन आसारी बसला होता. मुनीश्वरन कोविलच्या, म्हणजे देवळाच्या, रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, त्यात त्याचा गाळा तीन पिढ्यांचा. तांबं, पितळ, कासं हातात घेऊन त्याचं वय आणि मोल सांगावं तर सेवुगननंच, असं शेजारचे दुकानदारही म्हणत. आणि ते सहसा एकमेकांबद्दल बरं बोलत नसत. त्याच्या पाठीमागे पंधरा फुटी फलक होता. फलकावर त्याचाच चेहरा, कपाळावर भस्म, बाजूला घागरीच्या काठावरच्या खुणा, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘तज्ज्ञांचा निर्वाळा. घागर सव्वाशे वर्षांची, अस्सल तांब्याची, चेट्टिनाडच्या घडणीची. सही, सेवुगन आसारी.’

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच सेवुगनला मान वर करवत नव्हती.

नादस्वर थांबला आणि मिन्नल स्वामी आले. मिन्नल म्हणजे वीज. अंगावर भगवं रेशीम, पायांत पांढरे धावायचे बूट, हातात लाल ठिपका टाकणारी शिक्षकांची कांडी.

"अठराशे सत्त्याण्णव!" स्वामींनी आरंभ केला. "ऐप्पसी महिना! पावसाची संततधार! देवळाच्या शिखरावर वीज कोसळली. शिखर दुभंगलं, पुजारी सात दिवस बहिरा झाला, आणि गाभाऱ्यातली ही घागर... ही घागर तशीच उभी! पण आतलं तांबं तांबं राहिलं का?"

"नाही!" पुढच्या दोन रांगा ओरडल्या. त्या रांगा सकाळी साडेसातलाच येऊन बसल्या होत्या.

"त्याचं काय झालं?"

"इरिडियम!"

"इरिडियम! तांबं किलोवर विकतात, इरिडियम चिमटीवर. आणि विजेच्या पोटी जन्मलेलं इरिडियम? त्याचा भाव कुणाला सांगता येत नाही! जर्मनीत एक कंपनी आहे, चंद्रावर यान सोडणारी. तिचा शास्त्रज्ञ येत्या शुक्रवारी इथे येतोय. तपासणी झाली की घागर जर्मनीला. आणि जे भक्त या घागरीचे भागीदार असतील, त्यांच्या एकाचे शंभर."

मग त्यांनी तांदळाचं ताट मागवलं. ताट घागरीच्या बुडाखाली धरलं आणि हळूहळू वर नेलं. दोन बोटं अंतर उरलं तेव्हा दाणे थरथरले. मग पावसातल्या किड्यांसारखे टपाटप उडाले आणि घागरीच्या बुडाला चिकटून उभे राहिले, उलट्या गवतासारखे.

मंडपात एकच हलकल्लोळ झाला. बायकांनी गालांवर हात मारून घेतले. कुणी "मुरुगा, मुरुगा" म्हणू लागलं.

"अन्न म्हणजे प्राण," स्वामी म्हणाले, "आणि प्राण विजेकडे धावतो!"

"स्वामी, गहू का नाही धावत?" मागून कुणीतरी विचारलं.

स्वामींनी कांडी उंचावली. "गहू उत्तरेकडचा आहे. त्याला आपली शक्ती कळत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हशाही झाला, पण तो श्रद्धेचाच होता.

"आणि आता," स्वामींनी लाल ठिपका घागरीच्या काठावर नेला, "हा पाहा सिद्धांनी स्वतःच्या हातानं ठोकलेला मंत्र. पहिलं अक्षर उ. गणपतीची खूण! मग वी, म्हणजे वीर्य, शक्ती. मग य, यमाला जिंकणारा. उ, वी, य! म्हणा!"

पाचशे माणसं हात जोडून म्हणाली, "उ, वी, य."

सेवुगनचे ओठ मिटलेले होते. आपण कागदाच्या माथ्यावर श्री लिहितो तसं तमिळ माणूस उ काढतो; पत्रावर, वाणसामानाच्या यादीवर, परीक्षेच्या पेपरवर. त्यामुळे उ दिसला की हात जोडले जातात, पुढे काय लिहिलंय हे कुणी पाहत नाही. पण जुन्या तमिळ आकड्यांत दोनचा आकडाही हुबेहूब उ सारखाच काढतात. आणि दहाचा आकडा दिसतो य सारखा. ते आकडे आता शाळेत कुणी शिकवत नाही. ते उरलेत भांड्यांच्या काठांवर आणि सेवुगनसारख्या चारदोन आसारी कारागिरांच्या डोक्यात.

दोन वीसै, दहा पलम. वी म्हणजे वीसै; वीसै आणि पलम ही जुनी वजनं. सिद्धांनी नव्हे, कासारानं ठोकलं होतं ते. मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या प्रत्येक भांड्यावर चेट्टियारांच्या घरांत वजन ठोकून घेतात. उद्या कुणी बदलून हलकं भांडं ठेवलं तर कळावं म्हणून.

पाचशे माणसांनी त्या दिवशी घागरीच्या वजनाला नमस्कार केला. ते वजन आहे हे माहीत असलेला एकच माणूस तिथे होता, आणि त्याच्या गळ्यात हार होता.

अकरा दिवसांपूर्वी स्वामींचा माणूस घागर घेऊन दुकानात आला होता. "ऐया, वय किती, धातू कोणता, घडण कुठली, एवढं लिहून द्या," तो म्हणाला. सेवुगनला आदरानं ऐया म्हणणारी गिऱ्हाइकं थोडी. त्यानं घागर हातात घेतली आणि सवयीनं काट्याला लावली. तीन किलो सहाशे वीस.

तो काट्याकडे बघतच राहिला. दोन वीसै दहा पलम म्हणजे आजचे तीन किलो दीडशे ग्रॅम. भांडं घासून घासून झिजतं, वजन घटतं. अर्धा किलोनं वाढलेलं भांडं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानं बुडावर बोटाचं पेर आपटलं. एकपदरी तांबं गातं. हे बूड खोकल्यासारखं वाजलं. आत दुसरं बूड बसवलेलं होतं आणि दोन बुडांच्या मध्ये काहीतरी होतं.

मग त्यानं घागर उजेडात फिरवली. गळ्यापाशी कानशीनं घासल्याची ताजी खूण होती. तिथली आद्याक्षरं कुणीतरी काढून टाकली होती. काय होती ते त्याला पाठ होतं. सात वर्षांपूर्वी हीच घागर त्यानं चेट्टियारांच्या घरातल्या उमयाळ आच्चींकडून घेतली होती. आच्चींच्या नवऱ्याच्या आजारपणात. भंगाराच्या भावानं. आणि महिन्याभरात एका परदेशी बाईला जुनी वस्तू म्हणून विकली होती. तिच्याकडून फिरत फिरत ती या लोकांपर्यंत आली असावी.

"वजनाचं लिहायचं का?" त्यानं विचारलं.

"ते कशाला? ते विचारलेलं नाही."

सेवुगनच्या बापाचा धंद्यातला नियम होता, विचारलं तेवढंच सांगायचं. वय विचारलं तर वय, धातू विचारला तर धातू. तो नियम त्या सकाळी त्याला फार सोयीचा वाटला. वजनाबद्दल बोललं तर पूर्वीचं वजन तुला कसं ठाऊक, असं कुणीही विचारलं असतं. आणि मग घागर कुणाची, कितीला घेतली, कितीला विकली, सगळंच आलं असतं. त्यानं तीन ओळी लिहिल्या आणि सही ठोकली. आठवडाभरानं बसस्टँडवर तो पुढाऱ्याएवढा मोठा होऊन टांगला गेला होता.

रविवारी मंडप रिकामा होताना दारात त्याला आच्चींनी गाठलं. बहात्तर वर्षांच्या, काटकुळ्या, पांढरं सुती लुगडं, बोटांच्या पेरांना गाठी. मुरुक्कूच्या चकल्या आणि सीडैचे गोळे तळून त्या सिंगापूरपर्यंत पाठवत. त्यांच्या तळणाच्या शेडमध्ये आठ बायका काम करत.

"आसारी, तुझा फोटो बघितला तेव्हाच ठरवलं मी. तू वर बसला आहेस म्हणजे काळजी नाही."

"आच्ची, मी फक्त घागर जुनी आहे एवढंच..."

"तेच रे! जुनी आहे, खरी आहे. बाकी तांदूळ मी डोळ्यांनी पाहिला. ऐक, बुधवारी येऊन माझ्या कढयांची किंमत करून दे. शुक्रवारी शेड आणि कढया मिळून भागीदारीच्या कागदावर सही करायची आहे."

"शेड?"

"माझी बोटं बघ. आणखी दोन वर्षं पीठ मळीन फार तर. मग त्या आठ जणींचं काय? प्रत्येकीला डोक्यावर छप्पर देऊन जाईन म्हणते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. लोक आजूबाजूला चपला शोधत होते, कुणी कुणाच्या चपला घातल्या यावरून भांडणं लागली होती. सेवुगन म्हणाला, "येतो बुधवारी."

शेडमध्ये तेलाचा आणि तिळाचा वास दाटलेला होता. दोन चुलींवर तळण चालू होतं, बाकीच्या कढया घासून भिंतीला ओळीनं लावून ठेवल्या होत्या. कासारानं चाळीस वर्षं टिकतील म्हणून घडवलेल्या आणि ऐंशी वर्षं टिकलेल्या कढया. सेवुगन एकेक उचलून काट्याला लावत होता. शेजारी पीठ मळणारी पेच्ची त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होती. पेच्ची चाळिशीची, तोंडाची फटकळ. आच्चीसुद्धा तिला जपून बोलत.

"आसारी, त्या काठावर काय शोधताय? उवा?"

"वजन लिहिलेलं असतं. हे बघ, चार वीसै."

पेच्ची उठून आली. पिठाचे हात कमरेला पुसले, वाकून पाहिलं. "हे? हे तर तेच आहे!"

"कुठलं?"

"त्या फलकावरचं. मला वाचता येत नाही, पण चित्र कळतं. शेवटच्या कढईवर बघा. तिथे पहिलं चित्र आणि दुसरं चित्र अगदी तसंच. स्वामींचा मंत्र आमच्या कढईवर!" ती मोठ्यांदा हसली. "अगं ए, ऐकलंत का? कढईवर मंत्र आहे! मग आपला मुरुक्कू उडून का चिकटत नाही? रोज झाऱ्यानं का काढावा लागतो?"

आठी जणी हसल्या. सेवुगनच्या हातातला काटा हलायचा थांबला. पेच्चीनं खेळता खेळता नेमकं बोट ठेवलं होतं. आता नुसतं ‘होय’ म्हणायचं होतं.

तेवढ्यात आच्ची आतून आल्या. त्यांनी कढईचा काठ पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या वडिलांनी दिलेली कढई," त्या म्हणाल्या, "आणि तिच्यावर सिद्धांची खूण! पेच्ची, दुसरा कौल कशाला हवा? देवानंच सांगितलं की गं." आणि कढईच्या पाया पडल्या.

पेच्चीचं हसू मावळलं. तीही हळूच पाया पडली. वाकताना तिचे कान दिसले. कर्णफुलं नव्हती. भोकं बुजू नयेत म्हणून दोन्ही पाळ्यांत कडुनिंबाच्या काड्या घातलेल्या होत्या.

"तुझी कर्णफुलं?" सेवुगननं विचारलं.

"स्वामींच्या पेटीत. आमचा पण भाग आहे म्हटलं, लहानसा. चेष्टा करते मी, पण आच्ची घालतायत, तुम्ही सही केलीय, मग मीच कशाला मागे राहू?"

सेवुगननं कढयांची किंमत लिहून दिली. प्रामाणिक, रुपयाही कमी नाही. कागद देताना त्याला वाटलं, एवढं चोख काम आपण सात वर्षांपूर्वी केलं असतं तर आज इथे उभं राहावं लागलं नसतं. तो निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, लिंबाखाली उभा राहिला, आणि परत फिरला. पेच्ची बाहेर राख टाकत होती.

"पेच्ची, शुक्रवारी ती शेवटची कढई मंडपात आणशील? डोक्यावरून. आणि तुमच्या पिठाचे तांदूळ आण, शेरभर. आच्चींना सांगू नकोस."

"का?"

"तिथे सांगतो."

"आत्ता सांगायला काय होतंय?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते देण्याची त्याला लाज वाटली.

शुक्रवारी मंडपात गर्दी दुप्पट होती. घागरीशेजारी मेजावर कागदांची चळत आणि तांदळाचं ताट होतं, आणि मेजामागे चांदीच्या रंगाच्या फुगीर पोशाखात, डोक्याला काचेचं शिरस्त्राण घातलेला जर्मन शास्त्रज्ञ उभा होता. तो कुणाशी बोलत नव्हता. स्वामींच्या मते त्याला फक्त जर्मन येत होतं. अधूनमधून तो घागरीकडे एक यंत्र रोखी आणि यंत्र कुंई कुंई करी.

दारात स्वयंसेवकांनी सेवुगनची पिशवी धरली. "लोखंड आहे आत."

"फलक बघ," सेवुगन म्हणाला. "कुणाचा चेहरा आहे? मग सोड."

त्यांनी सोडलं. स्वतःचा चेहरा कामी आल्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या रांगेत आच्ची पेन हातात घेऊन बसल्या होत्या. सेवुगन थेट व्यासपीठावर चढला आणि ध्वनिक्षेपक हातात घेतला. "स्वामींनी रविवारी मंत्र वाचला. मला तो पुन्हा वाचायचा आहे."

"वाचा, वाचा ऐया!" स्वामी खूश झाले.

"दोन वीसै, दहा पलम."

मंडपात कुजबुज झाली. सेवुगननं खूण केली. पेच्ची डोक्यावरची कढई सावरत पुढे आली. "ही आच्चींच्या शेडमधली कढई. हिच्यावर लिहिलंय दोन वीसै, पाच पलम. हा उ गणपतीचा नाही, हा दोन आहे. घरी जाऊन आपापल्या भांड्यांचे काठ बघा."

"खरं आहे!" शेवटच्या रांगेतून गुडघ्यात धातू असलेले चेट्टियार ओरडले. "माझी आई वाचायची ते! मी विसरूनच गेलो होतो!"

स्वामी हसले. "सिद्ध मोठे चतुर होते. मंत्र वजनाच्या रूपात लपवला, म्हणून तर टिकला."

पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. सेवुगननं काटा काढला, तिपाईला अडकवला, कुणी अडवायच्या आत घागर त्याला लावली. "तीन किलो सहाशे वीस. काठावर लिहिलंय त्याप्रमाणे तीन किलो दीडशेच्या आत भरायला हवी. भांडं झिजतं. ही अर्धा किलोनं जड झालीय."

"ऐकलंत?" स्वामींनी दोन्ही हात वर केले. "जड झाली! शक्ती साठतेय! सव्वाशे वर्षांत अर्धा किलो! ऐया, तुम्ही तर माझ्यापेक्षा मोठी साक्ष दिलीत!"

यावेळी सगळ्याच रांगांनी टाळ्या वाजवल्या. आच्चींनीही. सेवुगन त्या टाळ्यांत उभा राहिला. आता पुढचं एकच वाक्य उरलं होतं. ते टाळण्यासाठी त्यानं सोळा दिवस घालवले होते.

"सव्वाशे वर्षांत नाही," तो म्हणाला. "सात वर्षांत. सात वर्षांपूर्वी ही घागर माझ्या दुकानात होती. तेव्हा मी स्वतः वजन केलं होतं. तीन किलो नव्वद ग्रॅम. तेव्हा एक दाणाही हिच्याकडे उडत नव्हता. कुठल्या देवळातली नाही ही. उमयाळ आच्चींची आहे, माहेराहून आलेली. मी त्यांच्याकडून भंगाराच्या भावानं घेतली आणि जुनी वस्तू म्हणून विकली. गळ्यापाशी त्यांची अक्षरं होती, ती कानशीनं काढलीत. हे सगळं मला सही करतानाच कळलं होतं."

कुणीच टाळी वाजवली नाही. आच्ची उठून उभ्या राहिल्या.

"पापी माणूस!" स्वामी गरजले. "याच्या हातानं कलशाचं तेज जाईल! बाजूला व्हा!" स्वयंसेवक पुढे सरसावले. पण त्यांच्या आधी पेच्ची ताटापाशी पोचली होती. तिनं स्वामींचे तांदूळ मेजावर उपडे केले, आपल्या ओटीतले मूठभर तांदूळ ताटात ओतले आणि ताट घागरीच्या बुडाला जवळजवळ टेकवलं. एक दाणा हलला नाही.

"बाईमाणसाचा हात लागला की असंच..." स्वामी म्हणाले.

"माझा हात चालत नाही?" पेच्ची गर्रकन वळली. "माझी कर्णफुलं चालली!"

मंडपात हशा फुटला. या वेळचा हशा वेगळा होता, आणि तो ऐकून स्वामींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पेच्चीनं स्वामींचा एक दाणा उचलून दाढेखाली धरला. कट्ट आवाज आला. तिनं थुंकून तळहातावर घेतलं. तांदळाच्या पिठात केसाएवढी बारीक लोखंडी तार होती. "रोज तांदूळ दळते मी. हा तांदूळ नाही, बाभळीचा काटा आहे."

सेवुगननं पिशवीतून छिन्नी काढली. ती त्याच्या हातातून ओढली गेली आणि ठक्कन घागरीच्या बुडाला जाऊन लटकली. हजार माणसांनी ते पाहिलं. त्यानं ती खेचून काढली, घागर आडवी केली, आतल्या बुडाच्या कडेनं कथलाचा डाग उकलला. दुसरं बूड ताटलीसारखं निघून आलं. खाली मेणात बसवलेली काळी गोल चकती होती. मोठ्या कर्ण्याच्या आत असतं तसलं लोहचुंबक. त्यानं ते वर धरलं.

"हे तुमचं इरिडियम. तांब्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून घागरीला काही होत नाही. दाण्यात लोखंड, बुडात चुंबक. पिना आणि किल्ल्या दारात का काढून घेत होते, ते आता कळलं?"

जर्मन शास्त्रज्ञ मागच्या दाराकडे धावला. पोशाख एवढा फुगीर होता की दारात अडकला. दोघांनी शिरस्त्राण ओढून काढलं तेव्हा आतून घामानं भिजलेला चेहरा निघाला आणि शुद्ध तमिळमध्ये म्हणाला, "अण्णे, मारू नका!" गेल्या महिन्यात याच मंडपातल्या लग्नात त्यानं सांबार वाढलं होतं, हे तिघांनी ओळखलं.

स्वामींना धावायचे बूट असूनही लोकांनी जिन्यात धरलं. दागिन्यांची पेटी मात्र मिळाली नाही. ती घेऊन एक माणूस गुरुवारीच गेला होता.

पोलीस येईपर्यंत आच्ची व्यासपीठावर आल्या. उघड्या बुडाची घागर हातात घेतली, कानशीनं घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"किती दिले होतेस मला?"

"अठराशे."

"आणि तुला?"

"अकरा हजार."

"मी विचारलं होतं तुला तेव्हा," आच्ची म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "विचारलं होतं, आसारी, ही जुनी आहे म्हणून हिला जास्त मोल येईल का रे? तू काय म्हणालास?"

सेवुगनला आठवलं. विचारलं तेवढंच सांगायचं, या बापाच्या नियमामागे तो इतके दिवस उभा होता, आणि तो नियमही त्यानं पाळलेला नव्हता. "म्हणालो, तांबं ते तांबंच, आच्ची."

"हं," त्या म्हणाल्या. मेजावरचा आपला कागद उचलून त्यांनी उभा फाडला, आडवा फाडला. "आज उशिरानं का होईना बोललास म्हणून माझी शेड राहिली. ते मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही."

ठाण्यात जबाब घ्यायला दुपार झाली. हवालदार नवा होता, त्याला सगळं ओळीनं लिहायचं होतं. पेच्ची त्याच्यासमोर बसली होती.

"कर्णफुलं कुणाला दिलीत?"

"स्वामीच्या माणसाला."

"स्वामीवर विश्वास होता?"

"त्याला कोण ओळखतं, साहेब? गहू उत्तरेकडचा म्हणणारा माणूस तो." तिनं बाकावर बसलेल्या सेवुगनकडे बोट दाखवलं. "मी यांना ओळखत होते. म्हणून दिली."

हवालदारानं पेन थांबवलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला समजेना.

"लिहा," सेवुगन म्हणाला. "माझं नाव लिहा. लिहा, की सही केली त्या सकाळी माझ्या काट्यावर घागर अर्धा किलो जास्त भरली आणि मी गप्प बसलो. कर्णफुलं मी भरून देईन, पण ते तुमच्या कागदावर नको, ते तिचं माझं. आणि पेपरवाले बाहेर उभे आहेत, त्यांना एवढं सांगा. घरातल्या जुन्या वस्तूचं मोल कुणी करत असेल तर वजन डोळ्यांसमोर करायला लावा. चमत्कार दाखवत असेल तर तांदूळ आपल्या घरचा न्या. एकाला विचारलंत तर दुसऱ्याला विचारा, तिसऱ्यालाही विचारा. आणि कागदावर मोठी सही दिसली म्हणून थांबू नका. सही करणाऱ्याला गाठा आणि विचारा, तू यात काय लिहिलेलं नाहीस?"

"आणि त्यानं तेही नाही सांगितलं तर?" पेच्चीनं विचारलं.

"तर काही देऊ नकोस," सेवुगन म्हणाला. "मी असलो तरी देऊ नकोस."

हवालदारानं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद त्याच्यापुढे सरकवला. सेवुगननं तो आधी वाचला. वरपासून खालपर्यंत, दोनदा.